आता अंधार पाह्यजे

एक दार डोळ्यांपुढे आणा, मुलांनो. फार मोठं नको, मोठ्या माणसाला वाकून यावं लागेल एवढंच. तुम्ही आत भिंतीला टेकून बसला आहात आणि तुमचा धाकटा भाऊ उंबरठा ओलांडून बाहेर चालला आहे. त्याच्या हातात फडक्याची पुरचुंडी आहे, तिच्यात भाकर आहे हे तिच्या गोल आकारावरून कळतं. तुमच्या ओठांवर एक प्रश्न आला आहे. पण तो तुम्ही विचारणार नाही, कारण निघालेल्या माणसाला ‘कुठे’ म्हणून विचारू नये, त्याच्या वाटेत अडथळा येतो, असं तुम्हाला बोलायला यायला लागल्यापासून शिकवलेलं आहे. म्हणून तुम्ही नुसतं बघता. तो जातो. दारात ऊन उरतं. आता हे दार फार मागे न्या, अमरावतीच्या परकोटाच्या आत, ज्या वर्षांत वऱ्हाडच्या कापसाला साऱ्या जगाचं गिऱ्हाईक लागलं होतं आणि आगगाडी मात्र अजून अकोल्यालाही पोचली नव्हती. भिंतीला टेकून बसलेल्या मुलीचं नाव सुभद्रा. भावाचं नाव जानराव, पण एवढं मोठं नाव त्याला अजून कोणी लावत नव्हतं. त्याला जान्या म्हणत.

रेच्याची कुरकुर थांबली, आणि सुभद्राला ती थांबल्यावरच ऐकू आली. सकाळपासून माय सरकी काढायचा रेचा फिरवत होती. त्याच्या दोन गोल लाकडी लाटांमधून एका बाजूला रुई निघत होती, दुसऱ्या बाजूला सरकी टपटपत होती, आणि तो आवाज घरात इतका मुरला होता की भिंतीसारखा वाटायचा. तो गेला तेव्हा भिंतच गेल्यासारखं झालं. माय दाराकडे बघत होती. तिच्या पापण्यांवर रुईचे तंतू होते, त्यामुळे ती एकदम म्हातारी दिसत होती.

“जान्या कुठं हाये व?” माय म्हणाली.

घरात ‘कुठं’ हा शब्द किती दिवसांत कोणी उच्चारला नव्हता, हे सुभद्राला त्या क्षणी कळलं. तिच्या पायांच्या तळव्यांना गार लागलं. फाल्गुनातली दुपार होती, जमीन तापलेली होती, तरी तळवे गारच.

“गेला,” ती म्हणाली. “मी पाह्यलं त्याले जाताना. भाकर बांधून घेतली होती.”

“अन् तू इचारलं नाही?”

“कुठं म्हनून इचारू नये ना, माय.”

 मायनेच तिला ते शिकवलं होतं. मागच्या हंगामात बाप, शेषराव, कापसाच्या गाड्यांबरोबर निघाला तेव्हा दोघीही याच दारात उभ्या होत्या. मायने त्याच्या हातावर दही घातलं होतं. तोंडातून प्रश्न निघू नये म्हणून तिने पदराचं टोक दातांत धरलं होतं. अकोल्यापर्यंत, की त्याच्या पुढे घाट उतरून, की पार मुंबईला, हे बापाने सांगितलं नाही आणि कोणी विचारलं नाही. दुसऱ्या गाड्या परत आल्या. त्यांच्यातल्या एकाने सांगितलं, अकोल्याच्या अलीकडे होता बुवा आमच्यासंगं. दुसऱ्याने सांगितलं, नाही, अकोल्याच्या पलीकडेही होता. तेव्हापासून सुभद्राच्या मनात अकोला हे गाव नव्हतंच. ती एक जागा होती, जिच्या अलीकडे माणसं दिसतात आणि पलीकडे दिसत नाहीत.

“मी हिरी पाहून येतो,” माय उठत म्हणाली. बाया आधी विहिरीच बघतात. “तू घरातून हालू नोको. ऐकलं काय?”

सुभद्राने मान हलवली. माय परकोटाच्या आतल्या बोळांत दिसेनाशी झाली. मग दार पुन्हा रिकामं राहिलं, आणि त्या रिकाम्या दाराकडे बघताना सुभद्राला वाटलं, जान्या विहिरीवर गेलेला नाही. तो गोष्टीत गेला आहे.

हे कसं वाटलं ते नीट सांगायला हवं. त्यांचा मामा नत्थुजी गाडीवान होता. अकोल्याला जाता-येता तो त्यांच्या अंगणात बैल सोडायचा, आणि बैलांना कडबा टाकून झाला की गोष्ट सांगायचा. गोष्टी पुष्कळ होत्या, पण सुभद्राच्या लक्षात आलं होतं की मामाच्या सगळ्या गोष्टींची वाट एकच असते, जशी गाडीची चाकोरी असते. कोणी तरी घरातला धाकटा असतो. त्याला सांगितलेलं असतं की तीन दिशांना जा, चौथीला जाऊ नको. तो चौथीलाच जातो. पाणी लागतं, ते तो ओलांडतो. झाडाखाली कोणी तरी म्हातारं माणूस भेटतं आणि त्याला काही तरी देतं. मग अंधार येतो. कधी विवर, कधी राक्षसाची विहीर, कधी मोठ्या माशाचं पोट. त्या अंधारातून तो जे आणायचं ते घेऊन घरी येतो. राजा-राण्यांच्या जुन्या गोष्टीच अशा होत्या असं नाही. सात समुद्रांपलीकडे कुठे तरी लढाई लागली आहे आणि म्हणून इथला कापूस चढला आहे, असं मामा सांगायचा. त्या कापसाच्या जोरावर बडनेऱ्याचा कोणी एक पोरगा गाड्या घेऊन मुंबईला गेला आणि चाकांना चांदीच्या पट्ट्या ठोकून परत आला, ही मामाची ताजी गोष्टसुद्धा त्याच चाकोरीतून जायची. त्यातही धाकटा होता. त्यातही नदी होती. जान्या त्या वेळी मामाच्या तोंडाकडे बघत आपलेही ओठ हलवायचा, आणि त्याच्या हनुवटीवर लाळ आलेली त्याला कळायचीही नाही.

सुभद्राला त्या गोष्टींची भीती वाटे. राक्षसाची नाही. गोष्टीत धाकट्याच्या आधी थोरले सहा गेलेले असत आणि त्यांचे दगड झालेले असत, त्या दगडांची. धाकटा येऊन त्यांना पुन्हा माणूस करायचा हे खरं, पण तोवर ते दगड माळावर उन्हात उभे असत आणि घरी कोणाला माहीत नसे. एकदा तिने मामाला विचारलं होतं, “अन् धाकट्याचाही दगड झाला तं?”

“मंग गोष्ट सांगन कोन, बाप्पा?” मामा म्हणाला होता आणि हसला होता.

तो हसला म्हणून जान्याही हसला होता. सुभद्रा त्या विचारात रात्रभर डोळे उघडे ठेवून पडली होती. म्हणजे जे परत येतात त्यांच्याच गोष्टी होतात. जे येत नाहीत ते गोष्टीतून गळून पडतात, लाटांतून सरकी पडते तसे, आणि आपल्याला वाटतं की जाणारा प्रत्येक जण परत येतो. बापाची गोष्ट मामाने कधी सांगितली नव्हती.

ती उठली. मायने हलू नको म्हटलं होतं. तिला घरातून बाहेर पडण्याची भीती वाटत होती, आणि घरात बसून त्या दाराकडे बघत राहण्याची त्याहून जास्त वाटत होती, एवढंच. तिच्या माहितीतल्या कोणत्याही गोष्टीत बहीण निघत नसे. बहीण तुळशीला पाणी घालत असे. चौथी दिशा कोणती हे तिला शोधावं लागलं नाही. त्यांना तिन्ही बाजूंना खेळायची मुभा होती. फक्त खोलापुरी वेशीकडे जायची नव्हती, तिथून गाड्या भरधाव यायच्या म्हणून. ती खोलापुरी वेशीकडे चालू लागली.

वेशीत एक पहारेकरी सुपारी कातरत बसला होता. तिने विचारलं. “गेला ना,” तो म्हणाला. “मोठा ऐटीत गेला. मले म्हने रामराम. मी बी म्हनलं रामराम.” कुठे गेला हे त्याने विचारलं नव्हतं. “जात्या मानसाले टोकू नये, पोरी.” वेशीबाहेर अंबानाल्यात पाणी घोट्याएवढं होतं. तिथे कपडे धुणारी बाई म्हणाली, एक पोरगं पाण्यातून गेलं खरं, शेजारी दगडांवरून वाट असताना मुद्दाम पाण्यातून गेलं, धोतर भिजवून. तिनेही विचारलं नव्हतं. सुभद्रा तिथे थांबली. त्याने पाणी ओलांडलं होतं.  सगळ्या गावाने त्याला जाताना बघितलं होतं आणि सगळ्या गावाने त्याचं भलं व्हावं म्हणून तोंड मिटून घेतलं होतं. कदाचित बापालाही असंच अकोल्यापर्यंत गावोगावी लोकांनी रामराम केला असेल. ती दगडांवरून गेली. मध्येच तिला वाटलं की आपणही पाण्यातून जायला हवं होतं, नाही तर तो सापडणार नाही, आणि ती मागे वळून पाण्यात उतरली आणि पुन्हा चालत आली. धुणारी बाई तिच्याकडे बघत राहिली.

नाल्यापलीकडे कापसाचं आवार होतं. उघड्या मैदानात कापसाच्या उंच गंज्या लावलेल्या, त्यांच्यामधून गाड्या, बैल, शेण, आणि सगळ्यांवर एक पांढरा तंतुमय उजेड, ज्याच्याकडे डोळे उघडून बघता येत नव्हतं. कडेला लिंबाखाली एक म्हातारा पिंजारी बसला होता, इनायतुल्ला. मामा त्याच्याकडे नेहमी चिलमीला थांबायचा, म्हणून तो तिला ठाऊक होता. झाडाखाली म्हातारा, असं तिच्या मनात आलं आणि ती त्याच्याकडे गेली. तिने काही विचारायच्या आधीच तो म्हणाला, “तू नत्थूची भाची ना? तुहा भाऊ आलता.”

“कव्हा, चाचा?”

“ऊन डोक्यावर होतं तव्हा. मोठा मजेदार पोरगा. माह्यापुढं उभा राह्यला अन् म्हने, बाबा, तुमी मले काही देसान का? भूक लागली काय रे म्हनलं, तं म्हने नाही, भाकर हाये माह्यापाशी, तुमी द्या काहीतरी. म्या गुळाचा खडा देल्ला.” इनायतुल्ला हसला. त्याच्या दाढीतही रुई होती. “खाल्ला त्यानं. मंग इकडं पाह्यलं, तिकडं पाह्यलं, अन् म्हने, आता अंधार पाह्यजे.”

“अन् मंग?”

“मंग गेला. भर दुपारी अंधार कुठून आनू म्या? कामात होतो.” तो तिच्या तोंडाकडे बघून थांबला. “काहून व? घरी नाही आला काय?”

तिने नाही म्हणून मान हलवली. आवाराच्या टोकाकडून कोणी तरी त्याला हाक मारली. असरच्या, म्हणजे दुपार कलल्यावरच्या नमाजाची वेळ झाली होती आणि रुई तुडवणारे दोघे-तिघे हातपाय धुऊन त्याची वाट बघत उभे होते. “इथंच कुठं निजला असन गंजीआड,” तो उठत म्हणाला. “आलोच म्या. मिळून पाहू.” आणि तो गेला.

ती आवारात शिरली. अंधार कुठे आहे, हे तिला शोधायचं होतं, आणि तिथे अंधार नव्हताच. गंज्यांच्या आड सावली होती, पण तीही पांढुरकी. गाड्यांखाली कुत्री निजली होती. तिने जान्याला हाक मारून पाहिली आणि तिला कळलं की इथे आवाज जात नाही. तोंडातून निघतो आणि दोन हात अंतरावर खाली पडतो, कापसात खडा पडावा तसा. ज्या जागी हाक पोचत नाही तिथे माणूस असला काय आणि नसला काय, असं तिच्या मनात आलं, आणि ते पुरतं येऊ नये म्हणून ती पळू लागली. पळता पळता तिला ते पोतं दिसलं.

ते चार बल्ल्यांच्या मांडवाला टांगलेलं होतं. दोन पुरुष उंचीचं, गोणपाटाचं, तोंड वर फळ्यांच्या माचीला बांधलेलं आणि बूड जमिनीच्या वीतभर वर. अशी पोती तिने मामाबरोबर एकदा पाहिली होती. आत माणूस उतरतो, वरून टोपल्यांनी रुई ओततात, आणि तो ती तुडवत तुडवत वर येतो. आधी पोत्यातून नुसता आवाज येतो, मग शेंडी दिसते, मग कपाळ, आणि शेवटी अख्खा माणूस कापसावर उभा. जान्या त्या दिवशी टाळ्या पिटत होता. माशाच्या पोटातून आला, म्हणत होता.

पोतं निम्म्याच्या वर भरलं होतं. ती खाली उभी राहून त्याच्याकडे बघत राहिली. तिला एकदम सगळं दिसलं, स्वतःच्या अंगावर घडल्यासारखं. दुपारी तुडवणारे जेवायला गेले असतील. तो शिडीने चढला असेल, वाकून बघितलं असेल, आणि तिथे होता अंधार. तो आनंदाने उतरला असेल, आणि एका कडेने, कापड आणि कापूस यांच्यामधून, घसरत खाली गेला असेल. त्याने ओरडून पाहिलं असेल. मग कोणी तरी परत आलं आणि वरून टोपल्या ओतल्या, आणि नमाजाची वेळ झाली म्हणून तुडवायचं राहिलं. राहिलं असेल का? तिने गोणपाटाला हात लावला. ते गरम होतं. उन्हाने गरम होतं. ती हात फिरवत पोत्याभोवती गेली. सगळीकडून ते सारखंच गुबगुबीत होतं, माणूस नसल्यासारखं, आणि मागच्या बाजूला, तिच्या गुडघ्याच्या उंचीवर, शिवणीशेजारी, एक लहान टेंगूळ होतं. तिने त्यावर तळवा ठेवला. आतून ते तिच्या तळव्याला किंचित रेटू लागलं. मग थांबलं.

माची करकरली. तिने वर पाहिलं. खुशालराव नावाचा एक तुडवणारा टोपलं बाजूला ठेवून धोतराचा काचा मारत होता.

“थांबा,” ती म्हणाली. पुन्हा म्हणाली. “थांबा ना. पोत्यात माहा भाऊ हाये.”

तो वाकून बघायला लागला, पोत्यात नव्हे, तिच्याकडे. “भाऊ हाये? वाघ तं नाही ना?”

“खरंच हाये. तुमी तुडवू नोका.”

“काल एक जन म्हने पोत्यात भूत हाये. परवा म्हने सोनं हाये. पोरी, सेठ मले तुडवाचे पैसे देते, इचार कराचे नाही. गाड्या सांजेले अकोल्याले निंघतात. हो बाजूले.” आणि त्याने एक पाय आत सोडला.

गोष्टीत या ठिकाणी उडी मारतात. तिला ते माहीत होतं. अंधार समोर असला की धाकटा त्यात उडी घेतो, आणि म्हणूनच तो धाकटा असतो. शिडी तिच्यापासून हातभर होती. ती चढली असती, त्या माणसाच्या बगलेतून आत शिरली असती. पण तिच्या अंगाने तिला ते करू दिलं नाही. घरी दाराआड कापसाचा ढीग असायचा, आणि एकदा खेळताना तिने त्यात उडी घेतली होती, तेव्हा जान्या खाली लपलेला होता. कापसाने तिला लागलं नव्हतं. खाली मात्र सगळं तिचं वजन गेलं होतं, आणि तो बाहेर आला तेव्हा त्याच्या नाकातून रक्त येत होतं आणि तोंडातून शब्द येत नव्हता. वरून जाणारा कोणीही, राजपुत्र असो की बहीण, खालच्याला दाबतो. पोत्याची वरची कड हलली. खुशालरावाचा दुसरा पाय आत गेला. तळव्याखालचं टेंगूळ चपटं झालं.

ती खाली बसली. शिवण सुतळीची होती, जाड, तेलकट. तिने तोंड गोणपाटाला लावलं आणि दाढेखाली पहिला टाका धरला. तिला तागाची, धुळीची, आणि कुठून तरी गुळाचीही चव लागली. टाका तुटला. दुसरा धरला. हिरडीतून रक्त आलं असावं, कारण सुतळी ओली झाली आणि मऊ पडली. वरून तो काही तरी गुणगुणत पाय आपटत होता, आणि प्रत्येक वेळी पोतं तिच्या कपाळावर येऊन आदळत होतं. मग शिवण उसवत गेली आणि रुई बाहेर आली. एकदम नाही, जांभई दिल्यासारखी, सावकाश, पांढरी स्वच्छ रुई धुळीत आणि शेणात पडू लागली. त्या दिवसांत रुईत माती मिसळणाऱ्याला सगळं आवार मिळून झोडपत असे. तिला ते माहीत होतं. तिने दोन्ही हातांनी ओढून आणखी सांडली.

“अय!” वर खुशालरावाला आपल्या पायाखालचा कापूस खचल्याचं कळलं. “अय पोरी, काय करून राह्यली? अरे धरा तिले!” तो माचीला लोंबकळत वर चढला, पाय बाहेर काढले, आणि शिव्या देत शिडी उतरू लागला. तो पोत्यातून निघाला, एवढंच तिने ऐकलं. नमाजाच्या बाजूने कोणी तरी धावत येत होतं. इनायतुल्लाचा आवाज होता, पण काय म्हणतो ते कळत नव्हतं. तिने हात खांद्यापर्यंत भोकात घातला. आत ऊबदार होतं, आणि काहीच नव्हतं, नुसता मऊपणा, ज्याला कुठेच धरता येत नाही. आपण चुकीचं पोतं फाडलं, असं तिला वाटलं. तो अकोल्याच्या वाटेवर कुठे तरी रामराम करत चालला आहे, आणि इथे कोणीच नाही, आणि हे आता सगळ्यांना कळेल. मग तिच्या बोटांना एक टाच लागली.

तिने घोटा धरला आणि ओढला. मामाने गाईचं वासरू पायांनी ओढलं होतं तसं, सरळ नाही, थोडं खाली. गुडघा आला. धोतराचा ओला काठ आला. शिवण आणखी उसवली आणि तो पाठीवर, दोन्ही हात डोक्यावर गेलेले, धुळीत येऊन पडला. तो सगळा पांढरा होता, पापण्या, केस, ओठ, जणू कोणी त्याला रुईचाच करून ठेवला होता. तो हलत नव्हता. मारायला आलेला खुशालराव हात वर उचललेल्या स्थितीतच उभा राहिला. “बाप्पा,” तो हळूच म्हणाला, आणि खालीच बसला.

सुभद्राने जान्याचं तोंड उघडलं. ते रुईने भरलेलं होतं. तिने बोट घालून एक बोळा काढला. त्याच्या मागे आणखी होता. तिने तोही काढला, लाळेने ताणलेला, लांब. तिला आपलं बोट कुठे संपतं आणि त्याचा घसा कुठे सुरू होतो हे कळेना. इनायतुल्ला धापा टाकत येऊन तिच्याजवळ बसला. त्याने जान्याचं डोकं एका कुशीला वळवलं. “आनखी खोल, बेटी,” तो म्हणाला. “आनखी खोल घाल.” तिने बोट जिभेच्या मुळापर्यंत घातलं. तिथे शेवटचा, ओला, घट्ट गोळा होता. तो नखाला लागला, सुटला, पुन्हा लागला. सगळं आवार भोवती गोळा झालं होतं.

तेवढ्यात जान्याचे जबडे मिटले. त्याने तिचं बोट चावलं, हाडापर्यंत, जोर लावून.

सुभद्राने बोट काढलं नाही. आणखी आत घातलं, आणि तो गोळा बाहेर ओढला.